नदी सुरय आणि काळ्या पोटाचा सुरय: नाथसागर-गोदावरीवर नेमके ओळखायचे कसे? (फोटो आहेत)

गोदातीर
नमस्कार. पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या काठानं पक्षी बघणारा आमचा छोटा गट आहे. धरणाचं पाणी सध्या बरंच मागं सरलंय. उघड्या पडलेल्या बेटांवर सुरयांची (इंग्रजीत टर्न) गर्दी वाढलीय, आणि त्यासोबत आमच्यातला वादही. तीन फोटो लावतेय.

फोटो १: मेचा पहिला आठवडा. मोठा थवा. पोट काळंभोर, टोपी काळी, मधला गाल पांढराशुभ्र. चोच गडद लाल, सावलीत जवळजवळ काळी वाटते. पाण्यावर खाली येऊन टिपतात आणि लगेच वर जातात.

फोटो २: त्याच दिवशी बेटावर बसलेला. मोठा पक्षी, चोच हळदीसारखी पिवळी, शेपटी लांब आणि खोल दुभंगलेली. हा नदी सुरय, याबद्दल आमच्यात दुमत नाही.

फोटो ३: जानेवारीतला, आपेगावच्या खालच्या बाजूला गोदावरीच्या पात्रात. एकटाच बसला होता. टोपी पूर्ण काळी नाही, करडी आणि रेघारेघांची. पोट पांढरं. चोच पिवळी-नारिंगी, टोक काळपट.

पहिला फोटो आमच्या व्हॉट्सॲप गटावर 'काळ्या पोटाचा सुरय' म्हणून फिरतोय आणि एका स्थानिक बातमीतही तसाच जाणार आहे. तिसऱ्याबद्दल दोघं म्हणतात की हाच खरा काळ्या पोटाचा, फक्त हिवाळी पिसाऱ्यातला. बातमी जाण्याआधी जाणकारांचं मत हवं आहे.

पाणवठा
बातमी आधी थांबवा, मग बोलू.

फोटो १ कल्लेदार सुरय आहे. मराठवाड्यात हा गोंधळ दर एप्रिल-मेमध्ये होतो. हे पक्षी हिवाळाभर आपल्याकडं असतात, तेव्हा अंगानं पांढुरके असतात आणि कुणी त्यांच्याकडं फारसं लक्ष देत नाही. उन्हाळ्यात परत जायच्या आधी ते विणीचा पिसारा चढवतात, पोट काळं होतं, आणि अचानक सगळ्यांना 'नवा पक्षी' दिसतो. नावातच काळं पोट असलेला दुसरा सुरय पुस्तकात असतो, मग माणूस दोन गोष्टी जुळवून मोकळा होतो.

तुमच्याच फोटोत उत्तर आहे. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला बघा. पोटाचा काळा रंग मागं जाता जाता संपतो आणि शेपटीखाली पांढरं आहे. काळ्या पोटाच्या सुरयाचा काळा रंग थेट शेपटीखालच्या पिसांपर्यंत जातो. दुसरं, शेपटी. फोटोतल्या पक्ष्याची शेपटी आखूड आणि जेमतेम खाच पडलेली आहे. काळ्या पोटाच्या सुरयाची शेपटी नदी सुरयासारखीच लांब आणि खोल दुभंगलेली असते. तिसरी गोष्ट चोच: कल्लेदाराची गडद लाल, काळ्या पोटाच्याची चक्क नारिंगी. भर उन्हात ही नारिंगी चोच लांबूनही लपत नाही.

कुळ बघितलं तरी कल्लेदार सुरय वेगळ्या प्रजातीगटातला, क्लिडोनियास. नदी सुरय आणि काळ्या पोटाचा सुरय मात्र दोन्ही स्टर्ना. म्हणून खरी जवळची तुलना त्या दोघांचीच आहे, आणि तुमचा खरा प्रश्न फोटो ३ हा आहे. त्याचा मूळ, न कापलेला फोटो असेल तर लावा. उडतानाचा असेल तर फारच उत्तम.

मांजराकाठ
सर, मी लातूरला शिकतो, या विषयात नवा आहे. शेपटीखालचं पांढरं हे पुस्तकात बारीक अक्षरात असतं, प्रत्यक्षात दिसतं का? पक्षी तर सतत हलत असतो.

पाणवठा
उडताना दिसतं, कारण सुरय पाण्यावर चोच खाली करून घिरट्या घालतो आणि शेपूट पसरतो. बसलेल्या पक्ष्याचं पोट नीट दिसत नाही. तेव्हा चोच बघायची.

आणखी एक सांगून ठेवतो. मे महिन्यात दुपारी काढलेल्या फोटोत नदी सुरयाचं पोटही काळपट येतं. वरून उन्हाचा मारा, खालून सावली, कॅमेरा उजळलेल्या पाठीला सांभाळतो आणि पोट अंधारात जातं. असे फोटो दाखवून 'काळं पोट आहे ना' म्हणणारे मला भेटतात. सकाळी आठच्या आत किंवा ऊन कललं की फोटो काढा, निम्मे वाद मिटतील.

आसना
नांदेडहून बोलतोय. फोटो १ बद्दल पाणवठा सरांशी शंभर टक्के सहमत. विष्णुपुरीच्या फुगवट्यावर आत्ताही असेच थवेच्या थवे उडूलालेत. कल्लेदाराची खायची पद्धत बघा, तो बुडीच मारत नाही म्हणलं तरी चालेल. पाण्याच्या कातडीवरून उचलतो. नदी सुरय वरून दगडासारखा सुटतो आणि पाण्यात शिरतो. काळ्या पोटाचा सुरय सूरही मारतो आणि किडेही टिपतो असं वाचलंय, पण मी स्वतः बघितलेला नाही. माझं अख्खं आयुष्य गोदावरीच्या काठी गेलंय, तरी नाही. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

वाळूबेट
मी बघितलाय, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते. माहेर परभणीचं, पण नोकरीमुळं काही वर्षं ओडिशात, कटकला होते. तिथं महानदीवर मुंडली म्हणून जागा आहे, बंधाऱ्याच्या खाली मोठमोठी वाळूची बेटं. हिवाळ्यात तिथं पाणचिरे बसतात आणि त्यांच्या बाजूला नदी सुरय आणि काळ्या पोटाचा सुरय एकाच वाळूवर. शेजारी शेजारी बघितले की पुस्तक बाजूला ठेवावं लागतं, इतका फरक कळतो.

पहिला फरक आकाराचा. नदी सुरय ३८ ते ४६ सेंटीमीटर, काळ्या पोटाचा साधारण ३३. आकड्यात एवढंच, पण बसलेला असताना नदी सुरय भरदार, छाती रुंद, मान जाड. दुसरा सडपातळ, डोकं लहान, अंगापेक्षा शेपटीच जास्त वाटावी असा. चोचीत तर हमखास: नदी सुरयाची चोच बुडाशी जाड, मजबूत, पिवळी. काळ्या पोटाच्याची बारीक, निमुळती, नारिंगी. पाय दोघांचे तांबडे-नारिंगी, त्यावर विसंबू नका.

विणीच्या काळात काळ्या पोटाच्या सुरयाचं रूप विसरता येत नाही. काळी टोपी, खाली पांढरा गाल, मग छातीवर राखाडी रंग चढत चढत पोटाशी काळाभोर. नदी सुरयाचं खालचं अंग अशा वेळी फिकट राखाडीच राहतं. म्हणजे विणीच्या पिसाऱ्यात या दोघांत गल्लत व्हायचं कारणच नाही. गल्लत होते ती हिवाळ्यात. तेव्हा काळ्या पोटाच्याचं पोट पांढरं होतं, दोघांच्याही टोपीचा काळेपणा उडतो, डोळ्यामागं काळसर पट्टा उरतो, आणि दोघांच्याही चोचीचं टोक काळपट होतं. गोदातीर ताईंचा फोटो ३ बरोबर या खिंडीत अडकलाय.

चंबळवरही हे दोघं आणि पाणचिरा एकाच बेटावर वीण करतात. मी तिथं मार्चमध्ये गेले होते. बोट लांब उभी करून बघावं लागतं, जवळ गेलं की सगळे एकदम उठतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

गोदातीर
फार छान समजावलंत, ताई. बातमी थांबवली. ज्यांनी लिहिली होती त्यांना धाग्याची लिंक पाठवली आणि त्यांनी लगेच मान्य केलं.

फोटो ३ चे आणखी दोन मूळ फोटो मिळाले, आता लावलेत. एकात तो उडतोय, एकात त्याच्या बाजूला राखी बगळा उभा आहे.

मांजराकाठ
माझी शंका: लहान सुरयाची चोचही पिवळी आणि टोक काळं असतं ना? तो नसेल कशावरून?

पाणवठा
रास्त शंका. लहान सुरय मात्र २२-२४ सेंटीमीटरचा, साळुंकीएवढा. पिवळी चोच आणि काळं टोक ही त्याची विणीच्या काळातली खूण, शिवाय कपाळ पांढरं. हिवाळ्यात त्याची चोच काळी पडते. जानेवारीत पिवळी चोच असलेला लहान सुरय हिशोबात घ्यायची गरज नाही. बगळ्याशेजारच्या फोटोत आकार बघितला तर तो मोठाच पक्षी आहे.

राखी बगळ्यावरून सेंटीमीटर काढणं धोक्याचं असतं, दोघं एकाच अंतरावर उभे आहेत की नाही कळत नाही. इथं मात्र दोघांचे पाय एकाच ओल्या वाळूच्या रेघेवर आहेत, म्हणून भरवसा ठेवतो. पक्षी भारी बांध्याचा आहे. चोच वरच्या बाजूनं थोडी वाकदार आणि बुडाशी खोल आहे. रंग मावळतीच्या उन्हात नारिंगी आलाय. त्याच फोटोत मागची वाळूही नारिंगी आहे, बगळ्याची मानही. त्याच पक्ष्याच्या उडत्या फोटोत, जिथं मागं आकाश आहे, चोच सरळ पिवळी दिसते.

माझं मत: नदी सुरय, हिवाळी पिसाऱ्यातला. बहुतेक पहिल्याच वर्षाचा, कारण पंखावर तपकिरी पिसं उरलीत.

वाळूबेट
सहमत. माझ्या मनात होता तो सडपातळपणा या पक्ष्यात नाही.

आसना
मीही सहमत. पण एक विचारतो, आणि राग मानू नका. समजा कल्लेदाराला कुणी काळ्या पोटाचा म्हणलं, तर बिघडलं कुठं? निदान लोकांना सुरय बघायची गोडी तरी लागली.

पाणवठा
राग नाही, पण बिघडतं, आणि पुष्कळ बिघडतं. म्हणूनच सुरुवातीला बातमी थांबवा म्हणालो.

काळ्या पोटाचा सुरय एके काळी सिंधूपासून थेट मेकाँगच्या खोऱ्यापर्यंत होता. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम या देशांतून तो जवळजवळ पुसला गेला. आता जगात जे काही उरलेत ते बहुतांशी भारतात, चंबळ, गंगेच्या उपनद्या, महानदी असल्या नद्यांवर. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत नदी सुरय असुरक्षित गटात आहे आणि काळ्या पोटाचा त्याहून गंभीर गटात. अशा पक्ष्याच्या नावावर आपण दर उन्हाळ्यात कल्लेदाराचे थवे जमा करत गेलो, तर कागदावर तो गोदावरीवर शेकड्यांनी नांदतोय असं होईल. मग कुणी त्याच्यासाठी वाळूचं एक बेट मागायला गेलं तर अधिकारी म्हणणार, इथं तर भरपूर आहेत. चुकीची नोंद त्या पक्ष्याची कमतरता झाकून टाकते.

उलटंही खरं आहे. कुणाला खरोखर एखादा दिसला आणि त्यानं 'काहीतरी सुरय' लिहून सोडून दिलं, तर मराठवाड्यातली एक मोलाची नोंद गेली. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत हेच होतं. ही गणना १९८७ पासून चालू आहे, महत्त्वाची आहे, पण जानेवारीत काळं पोट बहुतेकांना नसतं. तेव्हा पोटावर डोळा ठेवून चालत नाही; चोच आणि बांधा बघणारा एक तरी माणूस प्रत्येक गटात पाहिजे.

आसना
पटलं, सर.

मांजराकाठ
मग एक मूळ प्रश्न. दोघं इतके जवळचे, दोघं नदीवरचे, दोघं वाळूवर अंडी घालणारे. मग नदी सुरय नाथसागरावर, उजनीवर सुखानं राहतो आणि दुसरा दिसतच नाही, असं का?

वाळूबेट
हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नदी सुरयानं धरण स्वीकारलं. कर्नाटकात भद्रा जलाशयात उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधल्या उघड्या बेटांवर नदी सुरय हजारोंनी वीण करतात. तिथल्या जंगल रिसॉर्टचं नावसुद्धा या पक्ष्यावरून आहे. त्याला हवी असते ती चारी बाजूंनी पाणी असलेली उघडी जमीन, आणि भोवती मासळी. ती वाळूच हवी असा त्याचा हट्ट नाही, मुरमाड, खडकाळ चालते. मोठा पक्षी, खोल सूर मारून धरणातली मासळी काढतो.

काळ्या पोटाचा सुरय वाहत्या नदीचा आहे. उथळ धार, बाजूला वाळू, काठाला शेतं आणि ओल, जिथं बारीक मासळी, खेकडे-झिंगे आणि किडे सगळंच मिळतं. धरणाच्या अथांग फुगवट्यावर त्याचं काम नाही. नदीची वाहती लांबी जितकी कमी होत गेली तितका तो आक्रसत गेला. शिवाय तो अंडी लवकर घालतो, फेब्रुवारी ते एप्रिल. नदी सुरयाचा भर मार्च ते मे.

आता आपली गोदावरी बघा. पैठणला धरण. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्याच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, मग ढालेगाव, मुदगल, पुढं विष्णुपुरी, शेवटी बाभळी. एका बंधाऱ्याचा फुगवटा संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा लागतो. हे पाणी शेतीला आणि पिण्याला लागतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या माहेरचा ऊस त्यावरच उभा आहे. पण वाळूचं जे पात्र माझ्या आजीच्या तोंडी असायचं, चैत्रात माणसं चालत ओलांडायची ते, त्याचा बराचसा भाग आता पाण्याखाली आहे.

आसना
आणि जो पाण्याखाली नाही तो ट्रकात आहे. वाळू उपशाचं मी डोळ्यांनी बघूलालोय. रात्री पात्रात यंत्रं उतरतात. सकाळी बेटाच्या जागी खड्डा. मार्चपासून मेपर्यंत, पाणी कमी असतं तेव्हाच उपसा जोरात असतो, आणि तेच सुरयांच्या अंड्यांचे दिवस. टिटवी निदान माळावर, शेताच्या बांधावर सरकते. सुरयाला सरकायला दुसरी जागा नाही.

बाभळीचं अजून एक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली तेलंगणाकडं सोडायचं. निकाल पाण्याच्या वाटपाचा आहे, त्यात गैर काही नाही. पण पक्ष्याच्या बाजूनं बघा: फेब्रुवारीच्या शेवटी खालच्या वाळूवर कुणी अंडी घातली असतील, तर १ मार्चचा लोंढा कुणाची वाट बघत नाही. तारीख आधीपासून माहीत असते. त्या तारखेच्या आसपास धर्माबादच्या खालची वाळू बघून यावी असं माझ्या मनात आहे. कुणी सोबत येणार असेल तर सांगा.

गाळपेर
धागा वाचत होतो, आज लिहायचं ठरवलं. मी पक्षीमित्र वगैरे नाही. आमचं गाव धरणात गेलं. वडिलांच्या वेळची जमीन पाण्याखाली आहे, पाणी हटलं की त्यातलाच काही भाग गाळपेर म्हणून एकसाली भाडेपट्ट्यानं कसायला मिळतो. त्यामुळं तुम्ही ज्याला बेट म्हणता ते आमच्यासाठी वावर आहे. तुमच्या गटातले लोक येतात, फोटो काढतात आणि आम्हालाच रागवतात की शेळ्या कामून आणल्या, नांगर कामून घातला. तिथं अंडी आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं का? अंडी वाळूच्या रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. माहीत असतं तर कुणी मुद्दाम तुडवणार नाही.

गोदातीर
दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आमच्यातल्या कुणी रागावून बोललं असेल तर त्याबद्दल मी दिलगीर आहे. तुमचा गट नंबर कोणता हे इथं लिहू नका, पण बेट कोणत्या अंगाला आहे तेवढं मला निरोपात कळवाल का? आम्ही जी अंडी बघितलीत ती एका उंचवट्यावर आहेत, तिथं अजून नांगर लागलेला नाही.

पाणवठा
गाळपेर भाऊ, तुमचं म्हणणं रास्त आहे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, पण अभयारण्याची हद्द आणि गाळपेराची हद्द दोन्ही पाण्यासोबत सरकतात. दरसाल कोणती जमीन उघडी पडेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. २०१६ च्या दुष्काळात साठा मृतसाठ्याच्या खाली गेला तेव्हा जी बेटं होती ती सगळी काठाला जोडली गेली. तेव्हा पक्ष्यांना नांगरापेक्षा कुत्र्यांचा त्रास जास्त झाला. पाण्यानं वेढलेलं असतं तोवर बेट सुरक्षित. एका बाजूनं कोरडी वाट झाली की रात्रीत कुत्री आणि कोल्हे पोचतात.

नदी सुरयाची बहुधा तीन अंडी, हिरवट-राखाडी ते मातकट, त्यावर तपकिरी ठिपके. घरटं म्हणजे जमिनीत केलेला वाटीभर खळगा, खाली काही नाही. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत पावणेदोन महिने धरा. आपल्या उन्हाळ्यात आई-बाप अंडी उबवतात यापेक्षा ती सावलीत धरतात, हे जास्त खरं आहे. तापलेल्या जमिनीवर वीण करणारे सुरय आणि टिटव्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. म्हणून मे महिन्यात भर दुपारी घरट्याजवळ उभं राहणं म्हणजे अंडी भाजणं. हे मी शेतकऱ्याला सांगत नाही, तो दुपारी तिथं नसतोच. फोटो काढणाऱ्यांना सांगतोय.

मांजराकाठ
सर, घरट्यांच्या जागा ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) टाकाव्यात का? आमच्या कॉलेजात सगळे अचूक ठिकाणासकट टाकतात.

पाणवठा
पक्ष्याची नोंद टाका, घरट्याची जागा जाहीर करू नका. ठिकाण म्हणून 'नाथसागर' पुरे. वीण चालू आहे हे नोंदीत लिहा, पण नेमका बिंदू, घरट्याचा जवळून फोटो, वाटेची खूण, काही नको. फोटो बघून पुढच्या रविवारी दहा मोटारसायकली येतात. माझ्या डोळ्यांदेखत असं घडलंय.

काळ्या पोटाचा सुरय वाटला तर मात्र नोंद अवश्य टाका, आणि तीन गोष्टी त्यात असाव्यात: उडताना शेपटीची लांबी आणि खाच, सावलीत किंवा ढगाळ उजेडात चोचीचा रंग, आणि जमलं तर त्याच चौकटीत नदी सुरय. अशी दुर्मीळ नोंद आली की ई-बर्डचा परीक्षक विचारणा करतो. त्यात अपमान मानू नये, उत्तर द्यावं. नुसतं 'काळं पोट होतं' लिहिलं तर एप्रिल-मेमधली नोंद टिकणार नाही, आणि टिकूही नये.

वाळूबेट
यात एक भर. एकटा सुरय बघून निर्णय करू नका. नदीवर थांबा. सुरय एकटा फार वेळ राहत नाही, दुसरा येऊन बसतोच. दोघांत आकाराचा फरक दिसला की मग चोच बघा. मुंडलीला मी पहिल्यांदा चोच बघून गोंधळले नव्हते कारण शेजारी दोन्ही होते. आपल्याकडं ती सोय नाही, म्हणून आपल्याला जास्त सावध राहावं लागतं.

आसना भाऊ, १ मार्चला मी येते. परभणीहून नांदेड जवळच आहे. उन्हाळ्यातल्या गोदावरीवर कुठं वाहती धार आणि कोरडी वाळू एकत्र उरलीय, तेवढं जरी नकाशावर मांडता आलं तरी मोठं काम होईल. काळ्या पोटाचा सुरय दिसेल न दिसेल. त्याला बसायला जागा आहे का, हे तरी आपल्याला शोधता येतं.

आसना
जरूर या. धर्माबादपासून सुरू करू, तिथून वर बंधाऱ्याकडं सरकू. मांजराकाठ, तूही ये. मांजरा नदी पुढं गोदावरीलाच मिळते, तुझ्याकडच्या पात्राचीही अशीच यादी करून आण.

मांजराकाठ
येतो दादा. धनेगावच्या धरणाखाली वाळू कुठं उरलीय ते आधी बघून ठेवतो.

गाळपेर
गोदातीर ताईंनी काल येऊन उंचवटा दाखवला. अंडी बघितली, दुरूनच. एवढी वर्षं तिथून जातोय पण लक्ष गेलं नव्हतं. तो तुकडा माझ्या आणि चुलतभावाच्या वाट्यात येतो. यंदा तिथं टरबूज लावायचा विचार होता, पण तेवढा तुकडा सोडतो, त्यानं काही बुडत नाही. शेळ्यांचं मात्र बाकीच्यांना सांगावं लागंल. चार काठ्या रोवून फडकं बांधलंय. एक विचारायचं होतं: पिल्लं उडाली हे मला कळणार कसं? पाऊस लागायच्या आत ते रान मोकळं करायचंय.

पाणवठा
भाऊ, फार मोठं काम केलंत. काठ्या घरट्यांपासून लांब आहेत ना, तेवढं बघा. काठीवर कावळा आणि घार येऊन बसतात. शक्यतो काठ्यांऐवजी दगडांची ओळ करा.

पिल्लं कशी ओळखायची ते सांगतो. आधी ती वाळूच्या रंगाची, पायांवर पळणारी असतात, धोका वाटला की जागच्या जागी दबून बसतात. मग पाठीवर तपकिरी खवल्यांसारखी पिसं येतात आणि ती पाण्याच्या कडेला गोळा होतात. ती उडून आई-बापाच्या मागं ओरडत पाण्यावर फिरायला लागली आणि बेटाजवळ गेल्यावर मोठे पक्षी तुमच्या डोक्यावर झेपावायचे थांबले, की रान तुमचं. साधारण जूनच्या मध्यापर्यंत हे व्हायला हरकत नाही. उशिरा घातलेली अंडी असतील तर आठवडाभर इकडं-तिकडं.

गोदातीर
दगडांची ओळ आज संध्याकाळी आम्ही गाळपेर दादांसोबत लावतो, ऊन उतरल्यावर. फोटो ३ ची ई-बर्डवरची नोंद 'नदी सुरय' अशी दुरुस्त केली, आणि फोटो १ ची 'कल्लेदार सुरय'. व्हॉट्सॲप गटावर तीनही फोटो नव्या नावांसकट, शेपटी आणि चोचीवर बाण काढून टाकलेत. आज सकाळी पुन्हा एकाचा 'काळ्या पोटाचा' म्हणून फोटो आला होता. गटातल्याच दुसऱ्यानं त्याला विचारलं, शेपटीखाली पांढरं आहे का बघ.